गळाने टोचलेला कान

कान सोनारानेच टोचावेत, असे म्हणतात. राजिवड्याच्या बाजूने भाट्याच्या खाडीत गरवायला उभ्या राहिलेल्या एका ६१ वर्षांच्या गृहस्थांचा कान मात्र त्यांच्या स्वतःच्या गळाने टोचला. संध्याकाळी सातच्या सुमारास ते रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात आले. उजव्या कानाच्या पाळीत गळ रुतलेला, गळाला बोकडाच्या शेपटीचे पांढरे केस बांधलेले आणि केसांच्या टोकाशी करंगळीच्या नखाएवढे पितळेचे पान लोंबत होते. मान हलली की पान गिरकी घ्यायचे आणि गळ आतल्या आत ओढला जायचा. रक्त थेंबभरसुद्धा नव्हते. सोबतचा मुलगा हसू दाबत होता, पण बापाचा घामेजलेला चेहरा पाहून गप्प बसला.

काकांचे आयुष्य पत्रा ठोकण्यात गेले. निवृत्तीनंतर लहानपणचे गरीचे वेड परत आले. त्यांचा भाचा न्यू जर्सीत असतो. तिथल्या अटलांटिक किनाऱ्याने वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत अंगावर काळे पट्टे असलेला ‘स्ट्राइप्ड बास’ फिरतो, हौशी गरवणारे त्याला लाडाने ‘स्ट्रायपर’ म्हणतात. भाचा त्याच्या मागे वेडा. गेल्या दिवाळीत येताना त्याने मामांसाठी फ्लायचा रॉड, गळ धरायचा चिमुकला वाइस आणि दोऱ्याची रिळे आणली. ‘मामा, हे काम तुमच्याच हाताचं आहे,’ म्हणाला.

फ्लाय म्हणजे माशी. गोड्या पाण्यातले मासे किडे खातात म्हणून गळाला पिसे बांधून किड्याची नक्कल करायची, ही युरोपातली जुनी रीत. खाऱ्या पाण्यातले मोठे मासे छोटे मासे खातात, म्हणून तिथली ‘माशी’ प्रत्यक्षात बोटभर मासोळी असते. मेरीलँडचे लेफ्टी क्रे यांनी स्ट्रायपरसाठी कोंबड्याच्या मानेची पिसे आणि हरणाच्या शेपटीचे केस बांधून ‘डिसीव्हर’ नावाची फ्लाय केली. ती इतकी गाजली की १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. काकांकडे हरणाचे केस कुठून येणार? त्यांनी बोकडाचे घेतले. कोंबड्याच्या पिसांना तर कोकणात तोटा नाही. आणि पत्र्याचा माणूस असल्याने पितळेचे पान त्यांनी स्वतःच कापले, ठोकून वाटीसारखे खोलगट केले आणि स्विव्हलने, म्हणजे दोन्ही टोके वेगवेगळी फिरणाऱ्या बारीक कडीने, फ्लायच्या शेपटाला अडकवले. पान ओढले की स्वतःभोवती फिरते. यालाच स्पिनर ब्लेड म्हणतात.

चमचा पाण्यात पडला आणि माशाने झडप घातली, हे पाहून अमेरिकेच्या जुलिओ ब्युएल यांना धातूच्या आमिषाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. चमच्याचे खरेखोटे असो, १८५२ मध्ये त्यांनी पेटंट घेतले हे खरे. तेव्हापासून पानांचे बरेच आकार आले. रुपयाच्या नाण्यासारखे गोलसर पान, ज्याला ‘कोलोरॅडो’ म्हणतात, ते गळापासून लांब फाकून सावकाश फिरते आणि पाण्याला जोरकस धक्के देते. आंब्याच्या पानासारखे लांबट ‘विलो लीफ’ जवळून भराभर फिरते. ते चमकते जास्त, धक्के कमी देते. ‘इंडियाना’ या दोहोंच्या मधले. कुठले केव्हा वापरायचे याचे साधे गणित आहे : पाणी नितळ असेल तर चमक, गढूळ असेल तर धक्का.

आणि आपल्या खाड्यांचे पाणी बहुतेक दिवस गढूळच. पावसाळ्यात काजळी नदी जांभ्याची लाल माती घेऊन उतरते तेव्हा भाट्याला वीतभर खोलीवरचा हातही दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते. त्या दिवसांत आणि त्यानंतरही काही आठवडे काठावरच्या गरीला खाडीत ज्याची आस असते, तो जिताडा. गोव्यात त्याला चोणक म्हणतात. इंग्रजीत तो ‘एशियन सी बास’. स्ट्रायपरचा तो सख्खा भाऊ नाही, चुलत-चुलत म्हणता येईल, आणि संसाराची तऱ्हा तर अगदी उलटी. स्ट्रायपर समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. जिताडा खाडीत, नदीत वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या मुखाशी उतरतो. पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर खारफुटीत शिरतात. जिताड्याची आणखी एक गंमत अशी की तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचलून धरलेला दहा किलोचा जिताडा ही बहुतेक वेळा अंड्यांची मोठी आई असते. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

गढूळ पाण्यात जिताड्याला पितळेचे पान सापडते कसे? डोळे त्याचे चांगले आहेत. रात्री बॅटरीच्या उजेडात ते चमकतात, कारण मांजरासारखा प्रकाश परतवणारा पडदा त्यांच्यात असतो. पण लाल चहासारख्या पाण्यात डोळा काय करणार? बहुतेक मासे आडवे धरून पाहिले तर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते. जिताड्याची तर ती शेपटीच्या पंखावरही पुढे जाते. ही पार्श्वरेषा. एकोणिसाव्या शतकापर्यंत ती चिकट बुळबुळ तयार करणारी ग्रंथी असावी, असा समज होता. प्रत्यक्षात त्या रेघेखाली नळी असते, नळीत ठरावीक अंतरावर जेलीचे बारीक टोप असतात आणि टोपांखाली केसासारखे तंतू असलेल्या पेशी. पाणी हलले की टोप कलतो, तंतू वाकतात आणि मेंदूकडे निरोप जातो. नेदरलँड्सचे प्राणिशास्त्रज्ञ स्वेन डाइकग्राफ यांनी १९३० च्या दशकात या संवेदनेला ‘दुरून होणारा स्पर्श’ म्हटले. याहून नेमके वर्णन अजून कुणी केलेले नाही.

हे ‘दूर’ मात्र फार दूर नसते, माशाच्या लांबीच्या एकदोन पट. अडीच फुटी जिताड्याला अर्धा-पाऊण वाव. पण तेवढ्या टापूत त्याला पाण्याची सेकंदाला काही वेळा ते शे-दोनशे वेळा होणारी थरथर जाणवते, आणि स्पिनरच्या पानाचे धक्के नेमके याच पट्ट्यात पडतात. घाबरून पळणाऱ्या मासोळीच्या शेपटीचेही. अमेरिकेतल्या मस्केलंज या शिकारी माशावर झालेले प्रयोग बोलके आहेत. दृष्टी गेलेला मस्केलंज भक्ष्याचा दबा धरत पाठलाग करीत नाही, पण भक्ष्य जवळून गेले की त्याची झडप बिनचूक असते. थोडक्यात, पितळेचे पान माशाच्या डोळ्यापेक्षा कातडीशी जास्त बोलते, गढूळ पाण्यात तर बहुतेक तिच्याशीच.

आता कानाकडे. माशाच्या पार्श्वरेषेतल्या केसपेशी आणि माणसाच्या आतल्या कानातल्या केसपेशी एकाच घराण्यातल्या. तीच घडण, तसेच तंतू, तसाच निरोप. माणसाच्या प्रत्येक कानात ऐकण्याच्या अशा सुमारे १५ हजार पेशी जन्मतः मिळतात आणि गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. काकांच्या कानातून गळ निघाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारले, ऐकायला कसे येते? ‘तसं येतं, पण हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात.’ हे उत्तर ठरलेले आहे. वर्षानुवर्षे पत्रा ठोकणाऱ्या, ग्राइंडर चालवणाऱ्या, इंजिनच्या खोलीत बसणाऱ्या माणसांच्या आधी उंच स्वराच्या केसपेशी मरतात. स, श, फ, थ ही अक्षरे पुसट होतात. शब्द ऐकू येतात, कळत नाहीत. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर कानाला संरक्षण हवे, हा जगभरचा संकेत आहे. आपल्याकडे तो किती पाळला जातो, हे लोहारकामाच्या किंवा बोटदुरुस्तीच्या कोणत्याही शेडमध्ये पाच मिनिटे उभे राहून पाहावे.

जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध याच पेशी मारतात. माशातही मारतात. फरक असा की माशाच्या पेशी परत येतात. भारतीय उपखंडातल्या ओढ्यांत राहणारा बोटाच्या पेराएवढा झेब्राफिश प्रयोगशाळेत घेऊन त्याच्या पार्श्वरेषेतल्या पेशी औषधाने मारल्या तर दोन-तीन दिवसांत नव्या उगवतात. म्हणून कानाला अपाय न करणारी औषधे शोधण्यासाठी जगातल्या अनेक प्रयोगशाळा आज माशाची ही रेघ वापरतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले काम त्यात विशेष आहे. माशाला जे जमते ते माणसाला का जमत नाही, याचे उत्तर मिळाले तर काकांसारख्या लाखोंचे भले होईल. तूर्तास त्यांना श्रवणयंत्राची चिठ्ठी मिळाली, आणि ती त्यांनी फारशा उत्साहाने घेतली नाही.

पाण्यात गुणी असलेले हे पान हवेत मात्र दंगेखोर. साध्या रॉडने गरवताना आमिषाचे वजन दोरी ओढून नेते. फ्लायच्या रॉडचे तंत्र उलटे आहे : वजन जाड दोरीत असते आणि फ्लाय पिसासारखी तिच्यामागून जाते. दोरी डोक्यावरून मागे फेकायची, ती सरळ होईपर्यंत थांबायचे आणि पुढे मारायची. फ्लायला पान लावले की टोकाला वजन येते, शिवाय पान हवा कापत फडफडते. दोरीचा डौलदार वळसा मोडतो आणि गळ माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून येतो. त्यात संध्याकाळचा पश्चिमेचा वारा. राजिवड्याच्या काठावर खाडीकडे तोंड करून उभे राहिले की तो उजव्या खांद्यावरून येतो आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याची दोरी त्याच्याच अंगावर ढकलतो. काकांचे नेमके हेच झाले. असा वारा असेल तर हात छातीसमोरून नेऊन दोरी डाव्या खांद्यावरून फेकायची, नाहीतर जागा बदलायची. पान जितके लहान तितके बरे. टोपी आणि चष्मा मात्र सुटीचा विषय नव्हे. गळ चार बोटे पुढे लागता तर ही गोष्ट कानाची राहिली नसती.

डोळ्यात गळ गेला तर तो काढायचा नाही, हलवायचा नाही, डोळा धुवायचा नाही, दाबून पट्टीही बांधायची नाही. कागदी कप उलटा ठेवून, डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कडा चिकटपट्टीने बसवायच्या आणि थेट नेत्रशल्यविशारदाकडे जायचे. वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण बहुधा भूल द्यावी लागते.

इतर जागी रुतलेल्या गळाचे मर्म त्याच्या टोकामागच्या उलट्या काट्यात आहे. गळ आत जाताना काटा वाट देतो, बाहेर ओढला की मांसात अडकतो. आल्या वाटेने जोराने खेचणे म्हणूनच सगळ्यात वाईट. पहिले काम दोरी कापण्याचे आणि पान काढून टाकण्याचे. लोंबणारे पान प्रत्येक हालचालीला गळ खोल नेते. वरवर रुतलेला गळ कधी कधी सोपा निघतो : गळाची दांडी कातडीकडे दाबायची म्हणजे काटा मांसातून सुटतो, आणि त्याच वाटेने हळू मागे घ्यायचा. ऑस्ट्रेलियाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात १९६१ मध्ये दोऱ्याची युक्ती प्रसिद्ध झाली, ती आजही शिकवली जाते. गळाच्या वाकणाला मजबूत दोरा गुंतवायचा, दांडी कातडीवर दाबून धरायची आणि दोऱ्याला एकच झटका. जाणत्या हाताने केले तर रुग्णाला कळायच्या आत गळ बाहेर असतो. तो उडून भलतीकडे जातो, म्हणून समोर कुणी उभे राहू नये. पण ही युक्ती बोटासारख्या घट्ट जागेची. कानाची पाळी झटक्याबरोबर स्वतःच येते.

म्हणून काकांच्या पाळीत भुलीचे इंजेक्शन देऊन गळ उलट पुढे ढकलला. टोक पाळीच्या मागच्या बाजूने बाहेर आले, काटा पक्कडीने कापला आणि उरलेली बिनकाट्याची तार आल्या वाटेने सरकन निघाली. सोनाराची सुई यापेक्षा फार वेगळे काही करत नाही. त्यांचे नशीब असे की पाळीत कूर्चा नसते. गळ वरच्या कानात, कूर्चेत गेला असता तर प्रकरण लांबले असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिथला जंतुसंसर्ग चिवट असतो आणि कान कायमचा मुडपतो. सांध्याजवळ, मानेत, बोटात खोल, किंवा लहान मुलाला गळ लागला तर घरी प्रयोग करू नयेत. बोटाचे टोक बधिर झाले असेल तर मुळीच नाही.

जखम टाचणीएवढी दिसते म्हणून लोक तिला विसरतात. धनुर्वाताची लस हवीच. आता ती ‘टीडी’ म्हणजे धनुर्वात-घटसर्प अशी जोडलस मिळते. मळकी जखम असेल आणि शेवटचा डोस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी. पण खाडीच्या जखमेचा खरा प्रश्न वेगळ्या जंतूंचा आहे. कोमट, निमखाऱ्या पाण्यात ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ हा जंतू राहतो. धडधाकट माणसाला तो क्वचितच गाठतो. यकृताचा सिरॉसिस किंवा अनियंत्रित मधुमेह असलेल्याच्या जखमेत शिरला तर मात्र एका दिवसात लाली, असह्य वेदना, जांभळे फोड आणि रक्तात विष पसरण्यापर्यंत मजल जाते. इथे उद्याची वाट पाहायची नसते. दुसरा एक जंतू मासळी हाताळणाऱ्यांच्या बोटावर जांभळट, ठणकणारी सूज आणतो. तिसरा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. तो काही आठवड्यांनी, गळ विसरल्यावर, बोटावर न बरी होणारी गाठ होऊन उगवतो आणि काही महिने औषध खायला लावतो. या तिघांची औषधे नेहमीच्या पिकलेल्या जखमेपेक्षा निराळी. डॉक्टरला ‘काटा लागला’ एवढेच सांगितले तर नेहमीची गोळी मिळेल. ‘खाडीच्या पाण्यात, माशाच्या गळाने’ एवढे सांगायचे. काकांना मधुमेह आहे, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले.

बांधण्याच्या टेबलावरही थोडे जपावे लागते. हे काम बोटांना आणि डोक्याला चांगले आहे. अमेरिकेत २००५ पासून ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ ही संस्था जखमी सैनिकांना फ्लाय बांधायला आणि गरवायला शिकवते. पण फ्लाय बुडावी म्हणून तिला शिशाची तार गुंडाळतात, आणि गरीची वजने करायला घरोघर शिसे वितळवतात. हे स्वयंपाकघरात करू नये, शिशाची गोळी दाताने चावून बसवू नये आणि हात धुतल्याशिवाय तपकिरीला किंवा बिस्किटाला लावू नये. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. पितळेच्या मण्यांनी तेवढेच काम होते.

राहिला उलटा काटा. तो नसता तर काकांचा गळ खाडीच्या काठावरच निघाला असता. माशाला खेचतो तो काटा नव्हे, तोंडाशी नेते ते पान, आणि धरून ठेवते ती ताणलेली दोरी. बारीक पक्कडीने काटा दाबून सपाट केला की दोरी सैल सोडणाऱ्याचे काही मासे निसटतात, हे कबूल करायला हवे. पण दहा किलोची आई परत पाण्यात सोडायची असेल तर असाच गळ तिच्या जबड्यातून पटकन निघतो. तिच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, त्यामुळे हात जितका कमी वेळ तिथे जाईल तितके बरे.

आठ दिवसांनी काका पाळी दाखवायला आले. भोक बुजत आले होते, साखर मात्र १९० होती. खिशातून प्लास्टिकची डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आत सहा फ्लाय, सगळ्यांचे काटे सपाट, पितळेची पाने आधीच्या निम्मी. वारा कुठून येतो ते पाहून आता भाट्याच्या बाजूने उभे राहतो, असे म्हणाले. श्रवणयंत्राचे विचारले तेव्हा त्यांना ते नीट ऐकू आले नाही.